बँडसॉच्या पलीकडचा माणूस

मशीनच्या दारावरच्या स्विचला गुंडाळलेली तार मी आधी पक्कडीनं तोडली, मग बोललो.

"सिकंदरभाई, हे कुणी केलं?"

"मीच," ते म्हणाले. "दार उघडलं की मशीन बंद पडती. मग परत चालू करा. लय ताप हाय त्यो."

"स्विच त्याच्यासाठीच असतो. दार उघडं असताना ब्लेड फिरू नये म्हणून."

"म्हायती हाय मला."

माहीत होतं, हीच अडचण होती. ज्याला माहीत नसतं त्याला एकदा सांगून भागतं. माहीत असूनही जो तार गुंडाळतो, त्याच्याकडे आणखी काहीतरी बिघडलेलं असतं.

त्यांनी मला भिंत दाखवली. मशीनसमोर उभं राहिलं की पाठीमागे येते ती विटांची भिंत. तिच्यावर ताजी, लांब खोबण पडली होती. आदल्या दिवशी चालू मशीनवरून ब्लेड उतरलं, उघड्या दारातून बाहेर आलं आणि तिथं आपटलं. सिकंदरभाई नेमके तोल जाऊन बाजूला पडले होते. शर्टाची बाही फाटली, तेवढ्यावर निभावलं. सांगताना त्यांनी ती बाही ओढून नीट केली, जणू तिथं काही झालंच नव्हतं.

त्यांची लाकडाची मिल कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पूर्वी तिथं लोणावळ्याच्या बंगल्यांची दारं-खिडक्यांची लाकडं कापली जायची. आता बहुतेक काम पॅकिंगचं. नवलाख उंब्र्याच्या कंपन्यांना मशिनरी पाठवायला लाकडी खोकी लागतात, त्यांच्या फळ्या इथं निघतात. मी तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथून बाहेर पडल्यापासून मावळातल्या लहान मिल आणि सुतारकामाच्या शेड यांच्या मशीन बघतो. देहूरोडहून मोटरसायकलवर टूलबॉक्स बांधून निघायचं. मशीन बंद पडली की मला बोलावतात. चालू झाली की कुणाला माझी आठवण यायचं कारण नसतं. चांगलं काम केलं की महिनोन्महिने फोन येत नाही, असा हा धंदा आहे.

बँडसॉ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दोन मोठी चाकं असतात, एक वर आणि एक खाली. पिठाच्या गिरणीत पट्टा फिरतो तसा या दोन चाकांवरून पोलादी पट्टा फिरतो. त्याच्या एका कडेला दात असतात. हे ब्लेड. मधे टेबल असतं. टेबलावरून लाकूड पुढे सरकवलं की ब्लेड ते वरून खाली कापत जातं. ब्लेड चाकांवर घट्ट ताणलेलं असतं आणि चाकाच्या बरोबर मधोमध चालावं लागतं. मागेपुढे सरकायला लागलं की ते उतरणार. उतरताना तुटलं तर पोलादाची तलवारच सुटते म्हणा.

सिकंदरभाईंचं ब्लेड पुन्हा पुन्हा उतरत होतं. त्यांनी नवीन ब्लेड आणून बघितलं. ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे गाइड बदलून बघितले. ताण वाढवून बघितला, कमी करून बघितला. शेवटी मला फोन केला.

मी मेन स्विच बंद केला. त्याच्या दांडीत माझं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. याला लॉकआउट म्हणतात. आपला हात मशीनमध्ये असताना दुसऱ्या कुणी चुकून बटण दाबू नये, एवढाच त्याचा अर्थ.

"हितं कोण दाबणार हाय?" सिकंदरभाई म्हणाले. "मी एकटाच तर हाय."

"सवय आहे मला," मी म्हणालो.

शेड मोठी होती. फळ्यांच्या थप्प्या, पाइनच्या लाकडाचा वास, पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन. अशा मिलमध्ये कायम आरडाओरडा असतो. इथं मशीन बंद केल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांखेरीज काहीच ऐकू येईना.

आधी सफाई केली. पाइनच्या लाकडाला चीक असतो. तो भुशात मिसळून चाकावर बसतो आणि त्याचा टणक थर होतो. असा थर एका बाजूला जाड झाला की ब्लेड तिकडं चढतं. खालच्या चाकावर थोडा थर होता. तो पत्रीनं खरवडून काढला, डिझेलच्या बोळ्यानं पुसला. पण ब्लेड उतरावं एवढा काही तो नव्हता.

मग वरच्या चाकापासून ओळंबा सोडला. दोन्ही चाकं एका रेषेत होती. चाक हातानं फिरवून बेअरिंग तपासलं. खरखर नाही, ढिलेपणा नाही. ब्लेड खाली उतरवून उजेडात धरलं. दोन दातांच्या मधल्या खाचेत केसासारखे तडे असतात, तिथूनच ब्लेड तुटतं. एकही तडा नव्हता. धारही सुंदर लावली होती.

"धार कोण लावतं?"

"मीच."

"छान लावलीय."

त्यांनी ब्लेडच्या दातांवर हलकेच अंगठा फिरवला. एक वीट ओढून तिच्यावर बसले. साठी ओलांडलेला, उंच, हडकुळा माणूस. मी काय करतोय यापेक्षा टेबलाच्या पलीकडेच त्यांची नजर जास्त वेळ होती.

दुपारी खोक्यांच्या ठेकेदाराचा फोन आला. सिकंदरभाईंनी दोन शब्द बोलून तो माझ्या हातात दिला.

"काय झालं मशीनचं?" ठेकेदारानं विचारलं.

"बघतोय."

"सगळं तर ठीक आहे म्हणाले ते. मग चालू करा की. कंपनीची गाडी थांबलीय माझी."

"सगळं ठीक असून ब्लेड उतरतंय. कारण सापडल्याशिवाय चालू करणार नाही."

"कारण सापडेपर्यंत मी काय सांगू कंपनीला?"

"मशीन बंद आहे म्हणून सांगा."

त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा खालच्या चाकापाशी बसलो. या वेळी काय बिघडलंय हे न शोधता खुणा कुठं आहेत ते बघायचं ठरवलं. चाकाची पुढची कड, म्हणजे लाकूड सरकवणाऱ्या माणसाकडची कड, ओरखड्यांनी भरली होती. मागची कड कोरी. ब्लेड प्रत्येक वेळी पुढूनच उतरलं होतं.

आता लाकूड पुढं ढकललं की ब्लेडवर जोर येतो तो मागच्या दिशेनं. त्यासाठी ब्लेडच्या पाठीशी एक बेअरिंग असतं. ब्लेड पुढच्या बाजूला यायला त्याला कुणीतरी पुढं ओढायला हवं. आणि ओढू शकतं ते लाकूडच. अर्धवट कापलेलं लाकूड चालू ब्लेडवरून उलटं मागं घेतलं, की काप ब्लेडला चिमटीत धरतो आणि सोबत घेऊन येतो.

"सिकंदरभाई, लाकूड मागं ओढता का?"

"कदी कदी."

"मशीन चालू असताना?"

"अडकलं की काय करायचं मग?"

"अडकतं का पण? पलीकडून ओढून घेणारा कोण असतो?"

ते उठले. भुशाच्या ढिगावर उगीच खोरं मारलं.

"कोण न्हाई," ते म्हणाले. "मानसं मिळत न्हाईत आता."

मग सगळं उलगडलं. या मशीनवर दोन माणसं लागतात. एक अलीकडून लाकूड सरकवतो, दुसरा पलीकडून कापलेला भाग हातावर तोलून घेतो आणि ओढतो. पलीकडे कुणी नसेल तर कापलेल्या फळ्या टेबलाबाहेर लोंबकळतात, त्यांच्या वजनानं काप पिळतो आणि ब्लेडला आवळतो. सिकंदरभाई अर्धं लाकूड कापायचे, ते तसंच सोडून पलीकडे जायचे, लोंबणारं टोक सावरायचे, पुन्हा अलीकडे यायचे. अडकलं की मागं ओढायचे. शिवाय चाकापाशी भुसा साचू नये म्हणून खालचं दार उघडं ठेवून मधेमधे तो काठीनं ढकलायचे. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. दोघांचं काम एकटा माणूस करत होता.

"मी किल्ली देत नाही आज," मी म्हणालो.

"मशीन माजी हाय, जाधवभाऊ."

"कुलूप माझं आहे."

मला वाटलं आता भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते शेडच्या बाहेर गेले आणि नळावर हात धुवत बसले, बराच वेळ.

त्यांच्या बायको जैनबभाभी चहा घेऊन आल्या. घर मिलच्या मागेच. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि नळाकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाल्या, "मानसं मिळत न्हाईत म्हनले ना? खोटं हाय. मानसं आलती."

"मग?"

"एकाला म्हनले, तू लय बोलतो. दुसऱ्याला म्हनले, तुला वढता येत न्हाई. तिसरा चांगला हुता, आधी कंपनीत पॅकिंगला हुता. त्याला काय म्हनलेच न्हाईत. मशीन बंद करून नुसतं बसून ऱ्हायले. त्यो बिचारा आपनहून गेला." मग त्या म्हणाल्या, "दत्तूभाऊ गेल्यापासनं हे असंच चाललंय."

मला वाटलं दत्तूभाऊ वारले. तसं नव्हतं. दत्तूभाऊ बेडशाला, स्वतःच्या घरी होते. मिल निघाली तेव्हापासून पलीकडच्या बाजूला तेच उभे राहायचे. एके संध्याकाळी घरी गेले ते परत आलेच नाहीत. डोळ्यांना काचबिंदू झाला हे सिकंदरभाईंना गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं. त्यानंतर सिकंदरभाई बेडशाला गेले नाहीत.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. माझी बायको नागपूरला लेकीकडे आहे. नातू झाला म्हणून थोड्या दिवसांसाठी गेली होती, ते दिवस लांबत गेले. तिला तिथं करमतं, मी तक्रार करत नाही. एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होत नाही, एवढं मात्र मला कळलं आहे. जेवताना कुलपाची किल्ली खिशात टोचली. काढून टेबलावर ठेवली. एखाद्याचं काम बंद करून आपण त्याची किल्ली घेऊन घरी आलोय, याचं ओझं वाटत होतं. पण परत द्यायची तर भिंतीवरची खोबण डोळ्यांसमोर येत होती.

सकाळी मिलवर न जाता सरळ बेडशाला गेलो. भात कापून झाला होता, खाचरं रिकामी होती. दत्तूभाऊ ओट्यावर बसले होते. डोंगरातल्या बेडशाच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरच घर. माझ्या मोटरसायकलचा आवाज ऐकून त्यांनी डोंगराच्या बाजूला हात केला.

"पायऱ्या तिकडं हायत. गाडी हितंच लावा."

"लेणी बघायला नाही आलो, भाऊ. सिकंदरभाईंच्या मिलवरून आलोय. मशीनचा फिटर."

त्यांचा हात खाली आला.

"काय झालं? लागलं का त्याला?"

"नाही. ब्लेड उतरलं. थोडक्यात वाचले."

मी त्यांच्या शेजारी बसलो. सगळं सांगितलं. तेही मशीनवरच आयुष्य काढलेले. पुढची कड म्हटल्याबरोबर त्यांना कळलं.

"मागं वढतोय त्यो," ते म्हणाले. "मी नसल्यावर दुसरं काय करनार?"

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? डोळ्यांचं?"

"फळीचं टोक दिसायचं बंद झालं तरी मी वढत हुतो. हाताला कळायचं. मशीनचा आवाज येवढा, बोलनं ऐकूच येत न्हाई. आमचं समदं मानेवर चालायचं. त्यानं मान हलवली की मी वढायचं. मग त्याची मान दिसंना. तरी अंदाजानं चाललं. येक दिवस त्याचा हात कुटं हाय, त्येच मला दिसंना. ब्लेडच्या अलीकडं का पलीकडं, काय कळंना. मी वढलं असतं तर? त्या दिवशी घरी आलो."

"हेच सांगायचं होतं त्यांना."

"सांगितलं असतं तर त्यानं मशीनच बंद केली असती. माज्यासाटी मिल बंद पाडायची व्हय? म्हनून न्हाई सांगितलं. रागावला तर रागावू दे म्हनलं."

एक जोडपं गाडीतून उतरलं, लेण्यांची वाट विचारू लागलं. दत्तूभाऊंनी हात केला. ती दोघं निघून गेली. दिवसभर त्यांच्याशी एवढंच कुणी बोलत असावं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलंत तर ते दुसरा माणूस ठेवतील."

"न्हाई ठेवायचा. वळखतो मी त्याला. मानूस नगंच." त्यांनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला, मग म्हणाले, "लोखंडाचं कायतरी बशीव तितं. लोखंडावर कसा रागावंल?"

ही सोय मलाही सुचली होती. त्यांच्यासमोर ती काढायची कशी, हे कळत नव्हतं. ते त्यांनीच सोपं केलं.

तळेगावच्या भंगारात जुन्या कन्व्हेयरचे रोलर मिळाले. त्यांची चौकट वेल्डिंग करून घेतली आणि टेबलाच्या पलीकडे बोल्टनं पक्की केली. कापलेली फळी आता हवेत लोंबकळणार नव्हती, रोलरवर आपसूक सरकणार होती. रोलरची उंची टेबलापेक्षा किंचित कमी ठेवावी लागते. जास्त झाली तर फळी अडखळते, फार कमी झाली तर पुन्हा टोक खाली झुकतं. ब्लेडच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी केली. तिला स्प्लिटर म्हणतात. ती कापाच्या आत राहते आणि काप मिटू देत नाही. तिची जाडी ब्लेडपेक्षा जास्त हवी आणि कापापेक्षा कमी; दात दोन्ही बाजूंना झुकवलेले असल्यानं काप ब्लेडपेक्षा जरा रुंद पडतो. हे जुळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दारावरचा स्विच नवीन बसवला, तार गुंडाळता येणार नाही अशा जागी. भुसा ओढायला खाली पाइप जोडला, म्हणजे दार उघडायचं कारणच नको. आणि खांबावर लाल बटण लावलं. कुणीही थापटी मारली की सगळं बंद.

"हे कुणी दाबायचं?" सिकंदरभाईंनी विचारलं.

"मी," जैनबभाभी म्हणाल्या. त्यांनी खांबापाशी खुर्ची आणून ठेवलीसुद्धा होती.

मी सिकंदरभाईंना बजावलं. शेडमध्ये दुसरं माणूस नसेल तर मशीन चालू करायची नाही. रोलरच्या चौकटीपेक्षा लांब ओंडका एकट्यानं घ्यायचा नाही. लाकूड अडकलं तर आधी मशीन बंद, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, कापात पाचर मारायची, मगच हात लावायचा. चालू ब्लेडवरून मागं ओढायचं नाही, काही झालं तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बेडशाला मी गेलो होतो हे त्यांना कळलं होतं. दत्तूभाऊ काय म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. मान दिसत नव्हती, हात दिसत नव्हता, हेही.

ते म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी मशीन बंद केली असती."

"दत्तूभाऊही हेच म्हणाले."

मग मी कुलूप काढलं.

ट्रायलला एक मध्यम ओंडका घेतला. ब्लेड सुरात चालू झालं. सिकंदरभाईंनी ओंडका सरकवला. फळी कापली जाऊन रोलरवर गेली, जरा पुढे घरंगळली आणि थांबली. ब्लेड चाकाच्या मधोमध होतं. मी नजर न काढता बघत होतो, ते जागचं हललं नाही. शेवटचा तुकडा त्यांनी ढकलकाठीनं पार केला. मग त्यांनी नजर उचलली, पलीकडे बघितलं आणि मान हलवली. पलीकडे रोलर फिरत होते. त्यांची मान तशीच अर्धवट राहिली. त्यांनी पुढचा ओंडका घेतला.

मी तेव्हा काही बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.

ठेकेदाराची गाडी भरून गेली. पुढं महिन्याच्या सर्व्हिसला निघालो तेव्हा बेडशावरून वळसा घेतला आणि दत्तूभाऊंना मागं बसवून मिलवर आणलं. मी मेन स्विचला कुलूप लावलं, मग त्यांचा हात धरून टेबलाच्या पलीकडे नेलं. त्यांनी चौकट चाचपली. एक रोलर हातानं फिरवला, कान देऊन ऐकला. दुसरा फिरवला.

"बेअरिंग चांगलं हाय," ते म्हणाले.

सिकंदरभाई अलीकडे, आपल्या जागी उभे होते. मधे टेबल आणि थांबलेलं ब्लेड.

"उंची जमली का?" दत्तूभाऊंनी विचारलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

"जमली," सिकंदरभाई म्हणाले.

"अडकत न्हाई ना?"

"न्हाई."

दत्तूभाऊंनी मान हलवली. मशीन बंद होती, बोललेलं सगळं ऐकू येत होतं, पण दोघांकडेही आणखी बोलायला काही नव्हतं. किंवा असेल, तर ते माझ्यासमोर निघालं नाही. जैनबभाभींनी चहा आणला. तिघं थप्पीवर बसून प्यायलो. ऊन उतरायच्या आत घरी सोड, असं दत्तूभाऊ मला म्हणाले. निघताना सिकंदरभाई रस्त्यापर्यंत आले.

"परत ये," ते म्हणाले.

"बगू," दत्तूभाऊ म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीवर बसले.

नंतर ते आले नाहीत. मी दर सर्व्हिसच्या वेळी बेडशाला थांबून विचारतो, ते म्हणतात पुढच्या खेपेला. सिकंदरभाईही बेडशाला गेल्याचं मला माहीत नाही. त्यांचं ब्लेड तेव्हापासून एकदाही उतरलेलं नाही. मला तेवढ्यासाठीच बोलावलं होतं.

या कामातून मी माझ्यापुरती एक गोष्ट घेतली. ब्लेड पुढून उतरतंय अशी तक्रार आली, की मशीन उघडायच्या आधी मी विचारतो, पलीकडे कोण उभं राहतं. बहुतेक जण सांगतात, कुणी ना कुणी असतं. मग मी ते नाव विचारतो. नाव लगेच सांगता आलं तर टूलबॉक्स उघडतो. नाही आलं तर आधी कुलूप लावतो.